चौदा मीटरसाठी बावीस किलोमीटर

गेल्या अंकात मी कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या क्वासिचेवान धबधब्यावर लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. तो अंक ज्यांच्या हाती लागला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रांताच्या उत्तरेला थॉम्पसन नावाचं निकेलच्या खाणीचं गाव आहे. गावाच्या दक्षिणेला, सहा नंबरच्या महामार्गाला लागून, ग्रास नदीवर पिस्यू नावाचा धबधबा आहे, उंची १३ मीटर. तिथं गाडी लावायची आणि जंगलातून पायी निघायचं. जाऊन-येऊन २२ किलोमीटर झाले की त्याच नदीवरचा क्वासिचेवान बघून होतो. उंची १४.२ मीटर, आणि मॅनिटोबातला हाच सर्वांत उंच. नवऱ्याची नोकरी खाणीत आणि माझी तिथल्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, त्यामुळे आमच्या संसाराचा मोठा काळ थॉम्पसनला गेला. आता कराडला असते. निवडक पत्रांना उत्तरं देते आहे. ज्यांनी फक्त विमानाच्या तिकिटाचे दर विचारलेत त्यांनी ट्रॅव्हल एजंटला गाठावं.

प्रश्न : ताई, १४ मीटर म्हणजे ४६-४७ फूट. आमच्या ठोसेघरला याच्या कितीतरी पट मोठा धबधबा बघायला गाडीतून उतरून थोडंसं चाललं की झालं. मग बावीस किलोमीटरची तंगडतोड कशासाठी? (निवृत्त भूगोल शिक्षक, सातारा)

गुरुजी, उंचीच्या शर्यतीत तो सगळा मुलूख पहिल्याच फेरीत बाद आहे, हे मला मान्य. आपल्याला सह्याद्रीचा कडा मिळाला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर एकावर एक चढलेले, आणि पश्चिमेची बाजू अशी तुटलेली की पाणी सोडलं की ते शेकडो फूट खालीच जातं. उत्तर मॅनिटोबाचा खडक त्याहून कितीतरी म्हातारा आहे, पावणेदोनशे कोटी वर्षांपेक्षा जास्त. तिथं एके काळी डोंगर होते, पण झिजून झिजून त्यांची पाठ सपाट झाली. उरलंसुरलं हिमयुगात किलोमीटरभर जाडीच्या बर्फाने घासून काढलं. बर्फ वितळताना ॲगासी नावाचं एक अजस्र सरोवर साठलं. आजची अमेरिका-कॅनडाची पाचही महासरोवरं एकत्र केली तरी ते त्यांच्याहून मोठं होतं. सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी ते रिकामं झालं. थॉम्पसनला कुठंही खणलं की जी चिकण माती लागते ती त्याच सरोवराच्या तळाची. म्हणजे खडक अतिवृद्ध आणि त्यावरून वाहणाऱ्या नद्या कालच्या. त्यांना अजून नीट पात्र कोरायलासुद्धा वेळ मिळालेला नाही. एका तळ्यातून निघतात, थोडं वाहतात, खडकाची पायरी लागली की उडी मारतात आणि पुढच्या तळ्यात जाऊन स्वस्थ बसतात. अशी नदी चौदा मीटर एकदम पडली, तर तिच्या मानाने ती मोठीच गोष्ट आहे.

आता दुसरा मुद्दा. तुमचं ठोसेघर मार्चअखेर जाऊन बघा. कातळावर ओला पट्टा दिसला तरी नशीब. ग्रास नदी तळ्यांच्या माळेतून येते. प्रत्येक तळं वसंतातलं वितळलेलं पाणी धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं. त्यामुळे जूनमध्ये जा नाहीतर सप्टेंबरमध्ये, पाणी भरपूर असतं. उणे तीस तापमानातही पिस्यूच्या मधोमध पाणी वाहताना मी बघितलं आहे. दोन्ही काठ गोठलेले, तुषारांनी आजूबाजूच्या झाडांवर हातभर बर्फ चढवलेला, आणि मधून काळं पाणी धडधडत चाललेलं.

आणि बावीस किलोमीटर कशासाठी, तर त्या किलोमीटरांसाठीच. आपल्याकडे जंगल म्हटलं की वर बघायची सवय असते. तिथं खाली बघावं लागतं. काळा स्प्रूस हे तिथलं मुख्य झाड, उंच, किडकिडीत, बाटली धुवायच्या ब्रशासारखं. मनगटाएवढ्या खोडाचं झाडसुद्धा शंभर वर्षांचं असू शकतं, कारण वाढीला वर्षातले जेमतेम तीन महिने मिळतात. पण त्याच्या पायाशी शेवाळाची जी गादी असते ती पावलागणिक बदलते. एका जागी लुसलुशीत हिरवी, पाय घोट्यापर्यंत आत जाईल अशी. दहा पावलं पुढे कोरड्या खडकावर पांढुरकं दगडफूल, कॅरिबू हरणं हिवाळ्यात बर्फ उकरून खातात ते. ते वाळलेलं असताना बुटाखाली कुरकुरतं आणि चुरा होतं, आणि पुन्हा उगवायला कित्येक वर्षं लागतात, म्हणून त्यावरून चालायचं नाही. मध्येच टॅमरॅक नावाचं सूचिपर्णी झाड लागतं, जे सप्टेंबरअखेर पिवळंधमक होऊन आपल्या सुया चक्क गाळून टाकतं. काही ठिकाणी सगळी झाडं वेड्यावाकड्या दिशांना कललेली दिसतात. तिथं जमिनीखाली कायमचं गोठलेलं थिगळ असतं, ते कुठं वितळलं की वरची झाडं तोल सोडतात. गुरुजी, भूगोलाच्या पुस्तकात ‘तैगा’ या शब्दापुढे आपण एक ओळ शिकलो आणि शिकवली. त्या एका ओळीत काय काय मावलं नव्हतं ते बघायला अकरा किलोमीटर लागतात.

प्रश्न : मी विनिपेगला शिकतो. आम्ही चौघं मित्र लाँग वीकेंडला गाडी भाड्याने घेऊन जायचं म्हणतोय. शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी ट्रेक, रविवारी परत. जमेल ना, ताई? (विद्यार्थी, मूळचा जळगावचा)

नाही. आणि हे तुझ्या आईच्या वतीने सांगते आहे.

विनिपेग ही प्रांताची राजधानी पार दक्षिणेला, तिथून थॉम्पसन साधारण ७६० किलोमीटर. नकाशा आठ-साडेआठ तास दाखवेल. रात्री निघालात तर त्यातला बराचसा रस्ता अंधारात, दोन्ही बाजूंना जंगल, आणि संध्याकाळी नि पहाटे रस्त्यावर येणारे मूस. मूस म्हणजे आपला सांबर नव्हे. घोड्याहून उंच जनावर, पाय इतके लांब की गाडीची धडक पायांना बसते आणि धड काचेतून आत येतं. शिवाय ते इतकं काळपट असतं की अंधारात दिसत नाही, आणि इतकं उंच की दिव्यांच्या उजेडात डोळेसुद्धा वेळेवर चमकत नाहीत. म्हणून प्रवास दिवसा करायचा. जूनमध्ये तिथं सतरा तासांहून जास्त उजेड असतो, तो कशासाठी दिलाय?

वाटेवरचं ॲशर्न गाव सोडलं की वस्ती विरळ होत जाते. ग्रँड रॅपिड्सला टाकी भरल्याशिवाय पुढे जायचं नाही, अर्धी असली तरी भरायची. फोनची रेंज बराच वेळ जाते आणि ट्रेकच्या वाटेवर ती असेल असं धरूनच चालू नका. चौघांत मिळून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्याने घ्या. नाहीच जमलं तर निदान एका शहाण्या माणसाला कागदावर लिहून द्या: कुठं जातोय, गाडी कुठं लावणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचं.

वाटेबद्दल. सुरुवातीला झुलता पूल ओलांडून नदीच्या पलीकडे जायचं असतं, तिथपर्यंत सगळे हसत असतात. पुढे मुळं, ओले दगड, दलदल, आडवी पडलेली झाडं. राजगड-तोरणा केलेल्या माणसाला चढ किरकोळ वाटेल, पण वेग निम्म्यावर येतो. एका दिवसात करणारे करतात. आठ-दहा तास धरायचे, आणि पहाटे सुरुवात करायची. माझं मत विचारशील तर तंबू घेऊन धबधब्यापाशी एक रात्र काढा. तिथं मुक्कामाची जागा आहे. म्हणजे एकूण चार दिवस काढा. जायला एक, ट्रेकला दोन, यायला एक. मधला मुक्काम थॉम्पसनला किंवा अलीकडे पेंट लेकच्या उद्यानात. प्रांतिक उद्यानात गाडी न्यायला परवाना लागतो का, ते आधी ऑनलाइन बघ. आणि पायांत स्पोर्ट्स शूज नकोत. घोट्याच्या वर जाणारे, पाणी न शिरणारे बूट हवेत. चौघांपैकी एकाकडे नसतील तर त्याने पिस्यूच्या लाकडी डेकवर बसून पुस्तक वाचावं. मैत्री टिकेल.

प्रश्न : तुम्ही डासांचं फार कौतुक लिहिलंत. आम्ही खाडीकाठचे. आम्हाला डासांची सवय आहे. (रत्नागिरी)

तुमच्याबद्दल आदर आहे, पण तिथल्या डासांना तुमच्या सवयीची कल्पना नाही.

दोन वेगळ्या टोळ्या असतात. डास दलदलीतल्या साचलेल्या पाण्यात वाढतात आणि जून-जुलैत कहर करतात. दुसरी काळी माशी, मोहरीच्या दाण्याहून थोडी मोठी. हिला वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. तिच्या अळ्या प्रवाहातल्या दगडांना रेशमासारख्या धाग्याने चिकटून राहतात आणि वाहून येणारं अन्न गाळून खातात. म्हणजे खळाळती नदी हे तिचं माहेरच. तुम्ही जिथं उभं राहून फोटो काढणार, तिथूनच ती निघते. डास सोंड खुपसतो, ही कातडी कापते. चावताना कळत नाही. नंतर कानामागून, केसांच्या कडेने रक्ताचा ओघळ हाताला लागतो आणि तीन दिवस सूज. डास रात्रीही चावतो, काळी माशी मात्र अंधार पडला की जाते. ही त्यातल्या त्यात तिची सभ्यता.

उपाय साधे. फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, कारण गडद रंगाकडे दोघीही धावतात. पँट मोज्यांत खोचा, शर्ट पँटीत. डोक्यावर जाळीची टोपी हवी, थॉम्पसनमध्ये कुठल्याही मासेमारीच्या दुकानात मिळते. अंगाला लावायचं डास पळवणारं औषध तिथलंच घ्या. मोठ्यांसाठी तीस टक्क्यांपर्यंत डीट असलेलं किंवा वीस टक्के इकारिडिनचं. डीट प्लास्टिकवर बसलं तर ते विरघळतं, म्हणून औषधाच्या हाताने चष्मा नि घड्याळ धरायचं नाही. आणि शक्य असेल तर जूनमध्ये जाऊच नका. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य हा काळ मी कुणालाही सांगते. डास ओसरलेले असतात, ब्लूबेरी पिकलेल्या असतात आणि रात्री आकाश मोकळं असलं तर उत्तरेचा प्रकाश, म्हणजे अरोरा, दिसतो.

प्रश्न : फोटोत धबधब्याखालचं पाणी तपकिरी आहे आणि वर फेसाचे लोट दिसतात. खाणींचं गाव जवळ आहे. हे प्रदूषण नव्हे का? (निवृत्त रसायनतज्ज्ञ, ठाणे)

शंका रास्त आहे आणि खाणगावाजवळ ती विचारलीच पाहिजे. पण हा रंग नि हा फेस खाणीचा नाही. स्फॅग्नम शेवाळ आणि दलदलीतला कुजता पाला यांतून टॅनिन आणि ह्युमिक आम्लं पाण्यात उतरतात, त्याने पाणी चहाच्या रंगाचं होतं. हीच सेंद्रिय द्रव्यं पाण्याचा पृष्ठताण कमी करतात. मग धबधब्याने हवा घुसळली की फेस धरतो आणि टिकतो. साबणाच्या फेसासारखा पांढराशुभ्र नसतो. मळकट पिवळा, नि नाकाशी धरलात तर मातीचा वास.

थॉम्पसनचा निकेल उद्योग मोठा होता हे खरंच. १९५६ मध्ये तिथं साठा सापडला, १९६१ मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि धातू वितळवण्याची भट्टी २०१८ मध्ये बंद झाली. खाण अजून चालते. भट्टीच्या धुरातल्या गंधकाने गावाजवळच्या झाडांवर काय परिणाम झाला हा वेगळा, मोठा विषय आहे आणि त्यावर लिहायला मला आवडेल. पण त्याचा या फेसाशी संबंध लावू नका.

पिण्याबद्दलही तुम्ही विचारलंत. पाणी स्वच्छ दिसलं तरी तसंच प्यायचं नाही. बीव्हर आणि इतर प्राण्यांमार्फत जियार्डियाचे जंतू पाण्यात येतात. आमच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात मासेमारी करून परतलेल्यांचे नमुने आले की सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसणार, याचा अंदाज आधीच असायचा. गाळणी वापरा नाहीतर पाणी खळखळून उकळा. तपकिरी रंग गाळणीने पूर्ण जात नाही, त्याला घाबरू नका. चहा छान होतो.

प्रश्न : अस्वलं असतात म्हणता. मुलीला पाठवायचं की नाही? आणि बरोबर खायला काय द्यायचं? (एक आई, नाशिक)

मुलगी सज्ञान असेल तर पाठवायचं की नाही हा प्रश्न तिचा. अस्वलांचं मी सांगते.

तिथं असतं ते काळं अस्वल. पांढरी ध्रुवीय अस्वलं उत्तरेला चर्चिलला, हडसन उपसागराच्या काठी. ती वाटेत भेटत नाहीत. काळं अस्वल लाजाळू असतं, माणसाची चाहूल लागली की बहुधा आपण होऊन निघून जातं. म्हणून बोलत, टाळ्या वाजवत चालायचं. पण धबधब्याजवळ ही युक्ती अपुरी पडते. पाण्याच्या आवाजात अस्वलाला तुमची चाहूल लागत नाही आणि तुम्हाला त्याची. त्या शेवटच्या टप्प्यात वळणावर थांबून मोठ्याने हाका मारायच्या, बरोबरच्या सगळ्यांनी लागून चालायचं, कानात गाणी लावायची नाहीत. समोर आलंच तर पळायचं नाही, झाडावर चढायचं नाही, ते तुमच्यापेक्षा चांगलं चढतं. तोंड त्याच्याकडे ठेवून, शांत आवाजात बोलत, मागे सरायचं. अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा कमरेला हवा, पिशवीच्या तळाशी काही उपयोगाचा नाही. तो विमानात नेता येत नाही, सामानातसुद्धा नाही. तिथंच विकत घ्यायचा आणि परतताना तिथंच कुणाला तरी देऊन टाकायचा.

खाणं : धपाटे, दशम्या, दाण्याची चटणी, गुळाची पोळी. तिळगुळाच्या वड्या थंडीत फार उपयोगी. लोणचं मात्र नको. आंबेहळदीचं लोणचं डब्यातून पाझरलं तर पुढचे दोन दिवस संपूर्ण तंबू जेवणाचा वास देत राहतो, आणि अस्वलाचं नाक आपल्या कल्पनेच्या पलीकडचं असतं. तंबूत अन्नाचा कण ठेवायचा नाही. टूथपेस्ट, साबण, ओठांचं मलमसुद्धा नाही. सगळं एका पिशवीत घालून तंबूपासून लांब, उंच फांदीला, खोडापासूनही दूर टांगायचं. स्प्रूसच्या फांद्या असल्या कामाला भिकार. म्हणून झाड उजेड असतानाच हेरून ठेवायचं. खरकटं परत आणायचं, पुरायचं नाही, ते उकरून काढतात.

प्रश्न : धबधब्याखाली भिजता येतं का? (पुण्यातून तिघांनी विचारलं)

नाही. पाणी गार, प्रवाहात अडकलेले ओंडके, खालचा खडक दिसत नाही, आणि रुग्णवाहिका अकरा किलोमीटर पलीकडे. हौस पेंट लेकच्या वाळूच्या किनाऱ्यावर भागवा.

प्रश्न : २०२५ च्या उन्हाळ्यात मॅनिटोबात भयंकर वणवे लागल्याचं वाचलं. ते जंगल उरलं तरी आहे का? (कोल्हापूर)

उरलं आहे. पण तो उन्हाळा वाईट होता, यात शंका नाही. २८ मे २०२५ रोजी प्रांताने आणीबाणी जाहीर केली, उत्तरेतली सुमारे सतरा हजार माणसं घरं सोडून निघाली, त्यात फ्लिन फ्लॉन हे आख्खं गाव होतं. तिथं माझ्या ओळखीची कुटुंबं आहेत आणि त्या दिवसांत मी कराडात बसून रात्री-रात्री त्यांच्या निरोपांची वाट बघत होते. तेव्हा ‘आग ही निसर्गाचीच रीत’ असं जे कुणी गुळगुळीतपणे म्हणत होतं त्याचा मला राग येत होता.

तरीही रीत आहे हे खरंच. जॅक पाइन या सूचिपर्णी झाडाचे शंकू राळेने घट्ट बंद असतात, काहींचे वर्षानुवर्षं. आगीच्या उष्णतेने राळ वितळते, शंकू उघडतात आणि बी नुकत्याच जळून मोकळ्या झालेल्या जमिनीवर पडतं. काळ्या स्प्रूसचंही थोडंफार असंच. आगीनंतर पहिल्या वर्षी जांभळट गुलाबी फायरवीडची फुलं येतात, दोन-तीन वर्षांत ब्लूबेरी इतक्या माजतात की थॉम्पसनमधली माणसं जळलेल्या जागा लक्षात ठेवून बादल्या घेऊन जातात. आमच्या प्रयोगशाळेतली क्री या तिथल्या मूळ रहिवासी समाजाची एक सहकारी ऑगस्टमध्ये मला अशाच एका काळ्या रानात घेऊन गेली होती. परत येईपर्यंत हात, कोपरं, नाक सगळं कोळशाचं झालं होतं आणि बादली भरली होती. बदललं आहे ते प्रमाण. वणव्यांचा हंगाम लांबला, कोरडे उन्हाळे वाढले, आणि झाडं बी धरण्याइतकी मोठी व्हायच्या आतच तिथं दुसरी आग आली तर ते रान आपल्या बळावर परत उभं राहीलच असं नाही.

प्रवाशाने काय करायचं? निघण्याआधी प्रांताच्या संकेतस्थळावर आगीची स्थिती आणि जंगलात जाण्यावरची बंदी बघायची. पायवाट बंद असेल तर बंद. ‘इतक्या लांब आलोय’ हे कारण तिथं चालत नाही. शेकोटीवर बंदी असेल तर गॅसचा छोटा स्टोव्ह चालतो का तेही वाचायचं, कारण कधीकधी तोही चालत नाही.

प्रश्न : एवढ्या मोठ्या नदीला नारळ वाहावासा वाटतो. चालेल का? (इचलकरंजी)

भावना समजते, पण नारळ नको, हळदकुंकू नको, फुलं नकोत. तिथल्या पाण्यात तिथलं नसलेलं काही सोडायचं नाही. ती क्री लोकांची भूमी आहे. सरकार आणि मूळ रहिवासी यांच्यातला जमिनीचा ‘पाचवा करार’ १८७५ चा, आणि उत्तरेकडच्या नेल्सन हाउससारख्या गावांनी त्यावर १९०८ मध्ये सही केली. ग्रास नदी पुढे नेल्सन नदीला मिळते आणि नेल्सन हडसन उपसागराला. बंदुका-चहाच्या बदल्यात फर विकत घेणारे व्यापारी या मुलखात यायच्या कितीतरी आधीपासून हे जलमार्ग क्री लोकांच्या पायाखालचे, वल्ह्याखालचे. माझी ती सहकारी रानातून काही घेण्याआधी चिमूटभर तंबाखू जमिनीवर ठेवायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, घेतेय तर द्यायला नको? तुम्ही मात्र तिची नक्कल करू नका. हात जोडा, आपल्या भाषेत जे म्हणायचं ते म्हणा.

प्रश्न : मुलगा विनिपेगला आहे. आम्ही दोघंही सत्तरीचे, माझा एक गुडघा बदललेला. आमच्यासाठी काही आहे का, की हे सगळं तरुणांसाठीच? (सोलापूर)

काका, तुमच्यासाठी पिस्यू आहे, आणि तो दुय्यम समजू नका. मला विचाराल तर दोघांत देखणा तोच आहे. गाडीतळापासून लाकडी फळ्यांची वाट, अर्ध्या किलोमीटरच्या आसपास, आणि पुढे कठडा घातलेले डेक. नदी तेरा मीटर पडते, लगेच अंग वळवते आणि घळईतून निघून जाते. डेकवर उभं राहिलं की ते सगळं वळण डोळ्यांसमोर असतं. तुषारांमुळे तिथली झाडं नि खडक कायम ओले, शेवाळाने भरलेले, म्हणून फळ्याही निसरड्या असतात. काठी न्या, रबरी तळाचे बूट घाला, मुलाचा हात धरा आणि त्याला फोटो नंतर काढायला सांगा.

पण केवळ एका धबधब्यासाठी सोलापूरहून निघू नका. दोन-अडीच आठवडे काढता आले तर असं करा. विनिपेगहून थॉम्पसनपर्यंत मोटारीने, मध्ये ग्रँड रॅपिड्सला मुक्काम. एक सकाळ पिस्यूला. मग थॉम्पसनहून रेल्वेने चर्चिल, कारण तिथपर्यंत मोटारीचा रस्ताच नाही. गाडी रात्रभर चालते आणि फार हळू, रुळांखालची जमीन गोठलेली आणि दलदलीची, वेग धरता येत नाही. खिडकीतून झाडं बुटकी बुटकी होत जातात आणि शेवटी संपतात. जुलै-ऑगस्टमध्ये चर्चिल नदीच्या मुखाशी पांढरे बेलुगा देवमासे हजारोंनी येतात आणि ते बोटीतून, बसून, गुडघ्याला त्रास न देता बघता येतात. ध्रुवीय अस्वलांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, तो महाग आणि थंड, तुम्हाला मी सुचवणार नाही. रेल्वेची आणि चर्चिलच्या मुक्कामाची जागा कित्येक महिने आधी धरावी लागते. गाव लहान आहे. प्रवासी विमा काढताना गुडघ्याची शस्त्रक्रिया फॉर्मवर लिहा. लपवलीत तर विम्याचा पैसा मिळणार नाही, आणि त्या भागातून विमानाने विनिपेगच्या इस्पितळात हलवायची वेळ आली तर बिल मुलाचं कंबरडं मोडेल.

मुलाला माझा निरोप द्या : गाडीच्या डिकीत दोन घोंगड्या, पाण्याचा कॅन आणि जादा टायर. टायरमध्ये हवा आहे का ते विनिपेगलाच बघायचं.